तुम्ही विचारलंत म्हणून : १९६० साली चीनशी सौदा का झाला नाही?

"सर, १९६० मध्ये चीन अरुणाचलवरचा दावा सोडायला तयार होता. बदल्यात फक्त अक्साई चिन मागत होता. मग आपण हो का नाही म्हटलं?"

नवी पेठेतल्या क्लासमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दर बॅचला येतोच. विचारणारा चेहरा बदलतो, वाक्य तेच असतं. आमच्या सोसायटीतले निवृत्त काका लोक तर प्रश्न उत्तरासकटच टाकतात, "नेहरूंनी घालवलं हो सगळं!" लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला माझा विषय कळला, की मठ्ठा वाढून होईपर्यंत गाडी इथेच येऊन थांबते.

तर एकदा सविस्तरच सांगतो. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीत उतरले तेव्हा हो म्हणायची सोय उरलेलीच नव्हती. ती १९५४ ते १९५९ या काळात टप्प्याटप्प्याने संपली, आणि ती संपवण्यात दिल्ली आणि पेकिंग (आजचं बीजिंग) दोघांचाही हातभार होता. त्यामुळे प्रश्न १९६० चा असला तरी उत्तर मला मागून सुरू करावं लागतं. मुलं तेव्हाच घड्याळाकडे बघतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. हा एक वाद नाही, दोन आहेत, आणि दोन्हीची जातकुळी वेगळी. पश्चिमेला, लडाखच्या बाजूला, दोन सरकारांनी मिळून ठरवलेली रेषा कधी नव्हतीच. १८६५ मध्ये जॉन्सन नावाच्या सर्वेक्षकाने अक्साई चिन काश्मीरच्या महाराजांच्या मुलखात दाखवलं. १८९९ मध्ये त्याच इंग्रजांनी पेकिंगमधल्या आपल्या वकिलामार्फत चीनला दुसरीच रेषा सुचवली. तीत अक्साई चिनचा बराचसा भाग चीनकडे जात होता. चीनने त्या पत्राला उत्तरच दिलं नाही. पुढे इंग्रज सोयीप्रमाणे कधी हा नकाशा काढत, कधी तो. आपल्याला वारशात जे मिळालं त्यात पश्चिमेच्या भागावर 'सीमा अनिश्चित' असं छापलेलं होतं. १९५० च्या सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावरही ते तसंच आहे.

पूर्वेला, आजच्या अरुणाचलच्या बाजूला, मात्र रेषा आहे, आणि तिचा इतिहास एखाद्या दिवाणी दाव्याला शोभावा असा. ऑक्टोबर १९१३ मध्ये सिमल्यात ब्रिटिश भारत, तिबेट आणि चीन अशी त्रिपक्षीय परिषद सुरू झाली. मार्च १९१४ मध्ये दिल्लीत ब्रिटिश भारताचे प्रतिनिधी हेन्री मॅकमोहन आणि तिबेटचे लोनचेन शात्रा यांनी आपसांत पत्रांची देवाणघेवाण करून हिमालयाच्या कण्यावरून रेषा ठरवली. आठ मैलाला एक इंच अशा प्रमाणाचा नकाशा, त्यावर लाल शाईची रेघ. ही देवाणघेवाण चालू असताना चीनचे प्रतिनिधी इव्हान चेन तिथे नव्हते. एप्रिलमध्ये परिषदेच्या मुख्य मसुद्यावर चेननी आद्याक्षरं केली, आणि त्यांच्या सरकारने लगेच हात झटकले. जुलैत ब्रिटन आणि तिबेट यांनी चीनला वगळूनच पुढचं उरकलं. चीनचा आक्षेप आजही तोच आहे: तिबेटला करार करायचा अधिकारच नव्हता.

या रेषेची पुढची कथा मी वर्गात हमखास सांगतो, कारण ती ऐकताना मागच्या बाकावरचे मोबाइलसुद्धा खाली ठेवले जातात. सिमल्यानंतर वीसेक वर्षं इंग्रज ही रेषा जवळपास विसरले होते. १९३५ च्या सुमारास ओलाफ कॅरो या अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं. सरकारी करारांचा एचिसन यांच्या नावाचा जो अधिकृत संग्रह असे, त्याच्या १९२९ सालच्या खंडात सिमल्याची एक ओझरती नोंद तेवढी होती. मग १९३८ मध्ये त्या खंडाची नवी आवृत्ती छापली, तीत सिमल्याचे कागद घातले, आणि मुखपृष्ठावर साल ठेवलं तेच, १९२९! ग्रंथालयांकडून जुन्या प्रती परत मागवल्या. तरी मूळ खंडाची एक प्रत हार्वर्डमध्ये राहून गेली आणि १९६० च्या दशकात बिंग फुटलं. म्हणून रेषा खोटी ठरते का? मला नाही वाटत. पत्रं खरी आहेत, नकाशा खरा आहे, तिबेटची सही खरी आहे. पण कागद पक्का असेल तर त्यावरची तारीख मागे ओढायची गरज कशाला पडावी, असं समोरचा विचारणारच.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी पूर्वेबद्दल संदिग्धता ठेवली नाही. चिनी सैन्य तिबेटात शिरल्यावर, २० नोव्हेंबर १९५० रोजी, त्यांनी संसदेत सांगितलं की नकाशा असो वा नसो, मॅकमोहन रेषा हीच आमची हद्द. त्याआधी दोनच आठवडे सरदार पटेलांनी चीनबद्दल सावध करणारं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं होतं. फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग शे-दोनशे जवान घेऊन तवांगला पोचले आणि तिथे भारताचा कारभार बसवला. ल्हासाने तक्रार केली. पेकिंग गप्प राहिलं. दिल्लीने या गप्प राहण्याचा अर्थ संमती असा लावला, आणि पुढच्या सगळ्या गुंत्याचं एक टोक इथे आहे.

आता १९५४. २९ एप्रिलला पेकिंगमध्ये चीनशी तिबेटबरोबरच्या व्यापाराचा करार झाला, पंचशील म्हणून आपल्याला पाठ असलेला. परीक्षेसाठी मुलं पाच तत्त्वं घोकतात. मी त्यांना कराराची कलमं वाचायला लावतो. त्यात यात्रेकरूंची सोय आहे, व्यापाऱ्यांच्या बाजारपेठा आहेत, सहा खिंडींची नावं आहेत: शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दर्मा, लिपुलेख. हद्दीबद्दल एक शब्द नाही. तो शब्द काढायचा नाही असं आपणच ठरवलं होतं. १९५२ पर्यंत पेकिंगमध्ये आपले राजदूत असलेल्या पणिक्करांचं मत असं की आपण विषय काढला तर चीनला हरकत घ्यायला आयती संधी मिळेल. ज्येष्ठ मुत्सद्दी गिरिजाशंकर बाजपेयींनी याला विरोध केला होता, पण त्यांचं चाललं नाही.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच, १ जुलै १९५४ रोजी, नेहरूंनी एक टिपण लिहिलं. ते या सगळ्या प्रकरणातलं माझ्या मते सगळ्यात वजनदार पान. जुने नकाशे मागे घ्या. नवे छापा. त्यात हद्द ठळक आणि निश्चित दाखवा, 'अनिश्चित' हा शब्द काढून टाका. आणि ही हद्द कोणाशीही चर्चेचा विषय असणार नाही. प्रत्येक देश आपला नकाशा आपणच छापतो, त्यात वावगं काही नाही. पण पूर्वेला आपल्याकडे १९१४ चा कागद होता, पश्चिमेला तसा नव्हता. त्या एका टिपणाने दोन्ही बाजू एकाच पक्केपणाने रंगवल्या गेल्या. आपला स्वतःचा चार वर्षांपूर्वीचा नकाशा जे म्हणत होता ते आता आपल्यालाच म्हणता येईना.

काका लोक इथे खूश होतात. त्यांना मी जरा थांबवतो, कारण चीनने या काळात जे केलं ते सरळ फसवणुकीच्या जवळ जाणारं आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरूंनी पेकिंगमध्ये चौ यांना विचारलं, तुमच्या नकाशांत आमचा एवढा मुलूख तुमच्याकडे कसा? उत्तर मिळालं की ते जुन्या राजवटीचे नकाशे आहेत, दुरुस्त करायला सवड झालेली नाही. नेहरूंनी त्यावर भरवसा ठेवला. सवड होत नव्हती ती नकाशाला, रस्ता मात्र तयार झाला. शिनजियांगहून तिबेटला जाणारा, थेट अक्साई चिनमधून. १९५७ मध्ये तो पूर्ण झाल्याचं चिनी वर्तमानपत्रांतून जाहीर झालं तेव्हा आपल्याला कळलं. खात्री करायला १९५८ मध्ये दोन तुकड्या पाठवल्या, त्यातली एक चिनी सैनिकांनी धरून ठेवली.

१८ ऑक्टोबर १९५८ ला भारताने खलिता दिला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. आमच्या मुलखातून विनापरवानगी रस्ता केला याबद्दल आश्चर्य आणि खेद. शिवाय, या रस्त्यावर काम करणाऱ्या चिनी माणसांनी आमच्याकडे व्हिसासाठी अर्ज केलेले नाहीत, अशीही तक्रार! हजारो मजुरांनी डोंगर फोडून रस्ता काढला, आणि आपण विचारतोय व्हिसाचं. वर्गात हशा होतो. पण खलित्याची भाषा अशीच असते, एकेक हक्क नोंदवून ठेवायचा. हसू येतं ते आपल्या खात्याला तिथे घडतंय काय याची खबर नव्हती म्हणून.

मग पत्रं सुरू झाली. डिसेंबर १९५८ मध्ये नेहरूंनी पत्र लिहिलं. २३ जानेवारी १९५९ च्या उत्तरात चौ यांनी पहिल्यांदा स्वच्छ सांगितलं की भारत-चीन सीमा कधीच औपचारिकपणे ठरलेली नाही. जुन्या नकाशांची सबब संपली. मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि चीनच्या मनात आपल्याबद्दलचा संशय पक्का झाला. ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या लोंगजूला गोळीबार, २१ ऑक्टोबरला लडाखमधल्या कोंगका खिंडीजवळ दहा पोलीस ठार. दरवर्षी त्या दिवशी पाळला जाणारा पोलीस स्मृतिदिन तो हाच.

या दोन घटनांच्या मध्ये जे घडलं तिकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. संसदेत ओरड वाढली, 'सरकार लपवतंय' म्हणून. ७ सप्टेंबर १९५९ रोजी नेहरूंनी चीनशी झालेला सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेसमोर ठेवला. पाच वर्षांचे खलिते, निषेध, उत्तरं, सगळं छापील. लोकशाहीत हे करणं योग्यच होतं, त्याला पर्यायही नव्हता. पण वाटाघाटीच्या दृष्टीने बघा. बांधावरून भांडणारे दोन शेजारी झाडाखाली बसून दोन हात मागेपुढे करून मिटवू शकतात. एकदा दोघांची कैफियत कोर्टात वाचली गेली की दोन बोटंही सरकता येत नाही. पत्रात लिहिलेलं प्रत्येक वाक्य आता जनतेचं झालं. 'गवताचं पातंही उगवत नाही' असं नेहरू अक्साई चिनबद्दल बोलले, आणि त्यावर काँग्रेसचेच खासदार महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवल्याचा किस्सा तुम्ही ऐकलाच असेल. किस्सा गमतीचा आहे, पण संसदेचा सूर कळायला पुरेसा.

अशा हवेत १९ एप्रिल १९६० ला चौ एन लाय रंगूनहून दिल्लीत आले. रंगूनचं महत्त्व लक्षात घ्या. बर्माशी चीनचा सीमा समझोता जानेवारीतच झाला होता, ऑक्टोबरमध्ये करारही झाला, आणि त्यात मॅकमोहन रेषेचा बर्माकडचा तुकडा चीनने नाव न घेता जवळजवळ जसाच्या तसा मान्य केला. म्हणजे त्यांचं भांडण रेषेपेक्षा 'मॅकमोहन' या नावाशी आणि त्यामागच्या तिबेटच्या सहीशी जास्त होतं. हेच आपल्याबाबतीतही होईल असा त्यांचा हिशेब असावा.

नेहरूंबरोबर त्यांची सुमारे वीस तास बोलणी झाली. शिवाय गोविंद वल्लभ पंत, मोरारजी देसाई, राधाकृष्णन यांच्याकडेही ते गेले. मोरारजींनी त्यांना चांगलंच सुनावलं. चौ यांनी 'हे घ्या आणि ते द्या' असं कागदावर कधीच मांडलं नाही. पूर्वेला आम्ही तुमची प्रत्यक्ष स्थिती मानतो, तशीच भूमिका पश्चिमेला तुम्ही घ्या, असा बोलण्याचा रोख. अदलाबदलीचा प्रस्ताव होता का? होता, पण तो ऐकणाऱ्याने ओळखायचा होता. नेहरूंनी ओळखला आणि उचलला नाही. त्यांच्या मनात एव्हाना पश्चिमेचा दावा पक्का झाला होता. परराष्ट्र खात्याचे इतिहासकार एस. गोपाल लंडनला जाऊन जुनी दप्तरं चाळून आले होते आणि आपली बाजू भक्कम असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला होता.

आणि समजा, नेहरूंच्या मनात असतं तर? इथे मी मुलांना लॉ कॉलेज रस्त्याची आठवण करून देतो. त्याच कॉलेजात शिकलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होते. चौ येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १४ मार्च १९६० रोजी, बंगालमधल्या बेरुबारी या भागाच्या प्रकरणात आठ न्यायमूर्तींनी एकमुखाने मत दिलं, आणि ते लिहिलं होतं गजेंद्रगडकरांनी. विषय पाकिस्तानचा होता. नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात १९५८ मध्ये ठरल्याप्रमाणे बेरुबारीचा निम्मा भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचा होता. सरकारचं म्हणणं, ही केवळ हद्दीची निश्चिती आहे, प्रशासकीय हुकमाने होईल. न्यायालय म्हणालं, भूमी द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. म्हणजे दोन तृतीयांश मतं. बंगालमधल्या काही चौरस मैलांसाठी हा नियम, तर नकाशावर आपलं म्हणून ठळक रंगवलेल्या अडतीस हजार चौरस किलोमीटरांचं काय? पंतप्रधानांच्या निवासाबाहेर जनसंघाची निदर्शनं चालू होती, कोंगकाच्या शहिदांना सहा महिनेही झाले नव्हते. त्या संसदेत ही दुरुस्ती कोण मांडणार होतं?

२५ एप्रिलच्या रात्री चौ यांनी दोन तासांहून अधिक वेळ पत्रकार परिषद घेतली, सहा मुद्दे मांडले आणि गेले. निष्पन्न एवढंच की अधिकाऱ्यांनी बसून पुरावे तपासायचे. पेकिंग, दिल्ली, रंगून अशा तीन फेऱ्या झाल्या. फेब्रुवारी १९६१ मध्ये जाडजूड अहवाल आला. एकच मुखपृष्ठ, आत दोन देशांचे दोन वेगळे अहवाल.

६२ बद्दल मी इथे लिहीत नाही. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आणि यशवंतरावांचं दिल्लीला जाणं यावर पुण्यात प्रत्येकाकडे स्वतःचं भाषण तयार असतं. राजनयाच्या बाजूने एकच नोंद: १४ नोव्हेंबर १९६२ चा संसदेचा ठराव. आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीवरून हाकलून देण्याचा तो संकल्प आजही रद्द झालेला नाही. कोणत्याही पक्षाचा पंतप्रधान वाटाघाटीला बसला तरी ठराव सोबत असतोच.

यावर हमखास येणारा उपप्रश्न: "मग आता करून टाकू ना सर तोच सौदा!" आता तो माल दुकानात नाही. १९८० मध्ये चीनचे नेते डेंग शियाओ पिंग यांनी एका भारतीय संपादकाला मुलाखत देताना पूर्व-पश्चिम अदलाबदलीची भाषा पुन्हा केली. आपण विभागवार बोलू म्हणालो. आठ फेऱ्या झाल्या, आणि १९८५ पासून चीनने सूर बदलला: खरा वाद पूर्वेलाच आहे, आधी तिथे तुम्ही सवलत द्या. सवलत म्हणजे तवांग. पश्चिमेचं जे हवं ते त्यांच्या हातात होतंच, आता तिबेटवरची पकडही घट्ट झाली होती. देवाणघेवाणीत द्यायला त्यांच्याकडे काही उरलं नाही, किंवा द्यायची निकड उरली नाही.

राजीव गांधी १९८८ मध्ये गेले, पुढे अस्खलित मराठी बोलणाऱ्या नरसिंह रावांच्या काळात, ७ सप्टेंबर १९९३ ला, प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला. प्रत्येकाचा प्रत्यक्ष ताबा जिथवर, तिथवरची रेषा, ही कल्पना चौ यांच्या ७ नोव्हेंबर १९५९ च्या पत्रातली. तेव्हा आपण ती झिडकारली होती, चौतीस वर्षांनी तीच कराराचा पाया झाली. फक्त रेषा कुठून जाते हे दोघांनीही लिहिलं नाही. २००० मध्ये मधल्या, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडच्या, विभागाच्या नकाशांची अदलाबदल झाली. २००२ मध्ये पश्चिमेचे नकाशे टेबलावर आले आणि लगेच परत उचलले गेले. आपण ताबारेषा ३,४८८ किलोमीटरची म्हणतो, चीन सुमारे दोन हजारांची. २००५ च्या करारात वस्ती असलेल्या भागांचं हित जपायचं ठरलं. आपण वाचलं, तवांग सुटलं. दोनच वर्षांत चिनी परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं, नुसती वस्ती असल्याने दाव्यावर परिणाम होत नाही. गलवानमध्ये जून २०२० ला वीस जवान गेले, आणि लडाखमधल्याच डेपसांग-डेमचोकच्या गस्तीचं जमायला ऑक्टोबर २०२४ उजाडावं लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये, सीमाप्रश्नावर बोलायला दोन्ही देशांनी नेमलेल्या विशेष प्रतिनिधींच्या चोविसाव्या फेरीत हद्दीचा जो भाग लवकर सुटू शकेल तो आधी सोडवावा, त्यासाठी तज्ज्ञगट नेमावा असं ठरलं. सुरुवात मधल्या विभागापासून व्हावी, असं मला वाटतं. तिथले नकाशे निदान एकमेकांनी पाहिलेले आहेत. पण त्यातही बाराहोतीचं कुरण आहे, ज्यावरून जुलै १९५४ मध्ये चीनचा पहिला निषेध आला होता. ते सुटलं तरी गजेंद्रगडकरांचं मत दारात उभं आहेच. बांगलादेशाशी १९७४ मध्ये ठरलेल्या हद्दीसाठी शंभरावी घटनादुरुस्ती २०१५ मध्ये झाली. तिथे तर दोन्ही सरकारांचं एकमत होतं.